उद्योग स्वतःच्या पायावर : रायपूरने दिलेले दोन धडे

नवा उद्योग म्हटला की आजच्या तरुणाच्या ओठांवर पहिला प्रश्न येतो तो 'गुंतवणूकदार कोण?' हा. वस्तू कोणती, ती घेणार कोण, आणि त्याने दिलेल्या किमतीत आपला खर्च भागून चार पैसे उरणार का, हे प्रश्न त्यानंतर येतात. कधी कधी येतच नाहीत. २०२१ या वर्षी भारतातील नवोद्योगांकडे साहस भांडवलाचा विक्रमी ओघ वाहिला आणि पुढच्या दोन वर्षांत तो झपाट्याने आटला. ओघ होता तोवर तोटा हा 'वाढीचा खर्च' म्हणून मिरवला गेला. ओघ आटताच तोच तोटा तोटा म्हणून ओळखला जाऊ लागला. अनेक कंपन्यांना कर्मचारी कमी करावे लागले, काहींना टाळे लागले.

या पार्श्वभूमीवर उद्योग उभारणीच्या एका जुन्या, पण मुळीच कालबाह्य न झालेल्या मार्गाकडे वाचकांचे लक्ष वेधावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हा मार्ग म्हणजे थोडे घरचे भांडवल, ग्राहकाने मोजलेला पैसा, आणि गरज सिद्ध झाल्यावर घेतलेले बेताचे कर्ज. या विवेचनासाठी आपण रायपूरला जाणार आहोत. छत्तीसगडच्या या राजधानीत मराठी कुटुंबांची वस्ती नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून आहे. तेथील दोन मराठी माणसांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी केलेले दोन प्रयोग आजच्या उद्योजकालाही बरेच काही शिकवतात. त्यांपैकी एक प्रयोग बंद पडला आणि दुसरा टिकला.

साहस भांडवल नेमके कोणासाठी?

साहस भांडवल वाईट असते, असा येथे सूर नाही. ते कशासाठी निर्माण झाले हे मात्र समजून घ्यायला हवे. साहस भांडवल पुरवणारा निधी साधारणतः दहा वर्षांच्या मुदतीचा असतो. त्या मुदतीत त्याला आपल्या गुंतवणूकदारांचे पैसे वाढवून परत करायचे असतात. दहा ठिकाणी पैसे घातले तर त्यातील निम्म्याहून अधिक बुडतील, दोन-तीन जेमतेम तरतील आणि एखादा उद्योग अनेक पटींनी वाढून सर्वांची भरपाई करील, हे त्याचे मूळ गणित असते. म्हणून अशा निधीला वर्षाला पंधरा टक्क्यांनी वाढणारा, प्रामाणिकपणे नफा कमावणारा उद्योग फारसा उपयोगाचा वाटत नाही. त्याला दरवर्षी दुप्पट-तिप्पट होणारा उद्योग हवा असतो. औषध संशोधन किंवा अवकाश तंत्रज्ञान यांसारख्या क्षेत्रांत पहिली विक्री होण्याआधीच वर्षानुवर्षे खर्च करावा लागतो. तेथे या भांडवलाला पर्याय नाही.

परंतु खाद्यपदार्थ, कृषी अवजारे, छपाई, दुरुस्ती, शिकवणी, हिशेब-लेखन, लहान यंत्रभाग, स्थानिक वाहतूक अशा बहुसंख्य व्यवसायांचे स्वरूप वेगळे असते. त्यांना पहिल्या महिन्यापासून विक्री करता येते. त्यांच्या वाढीचा वेग मर्यादित असतो आणि त्यात कमीपणा काहीच नाही. अशा व्यवसायाने दुसऱ्याच्या घाईचे भांडवल घेतले, तर ती घाईही घरात येते.

स्वबळावर फार मोठे होता येत नाही, हा समजही खरा नाही. १९९६ मध्ये सुरू झालेली 'झोहो' ही चेन्नईची संगणक आज्ञावली कंपनी आणि २०१० मध्ये बंगळुरूत सुरू झालेली 'झिरोधा' ही समभाग दलाली करणारी कंपनी, या दोन्ही साहस भांडवल न घेता ग्राहकांच्या पैशावर वाढल्या. तथापि ही उदाहरणे महानगरांतील आणि असामान्य यशाची आहेत. आपल्यासारख्यांना अधिक जवळचे वाटेल असे उदाहरण रायपूर परिसरातच सापडते.

'छत्तीसगढ मित्र' : तीन वर्षांचा हिशेब

माधवराव सप्रे यांचा जन्म १८७१ मध्ये आजच्या मध्य प्रदेशातील दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे एका मराठी कुटुंबात झाला. शिक्षण पूर्ण झाल्यावर पेंड्रा येथील राजकुमारांचे शिक्षक म्हणून ते काम करीत होते. जानेवारी १९०० मध्ये त्यांनी 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले. संपादनात त्यांच्या जोडीला रामराव चिंचोलकर होते आणि प्रकाशक होते रायपूरचे वामन बळीराम लाखे. तिघेही मराठी, मासिक हिंदी, आणि प्रदेश असा की जेथे तोवर नियतकालिकांची परंपरा जवळजवळ नव्हतीच. आजच्या भाषेत सांगायचे तर हा एक अस्सल नवोद्योग होता.

मासिकाची गुणवत्ता वादातीत होती. चिकित्सक ग्रंथपरीक्षणे हे त्याचे वैशिष्ट्य होते. १९०१ मध्ये त्यात प्रसिद्ध झालेली सप्रे यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही कथा हिंदीतील पहिली कथा असल्याचे अनेक अभ्यासक मानतात. असे असूनही डिसेंबर १९०२ मध्ये, अवघ्या तीन वर्षांत, आर्थिक तोट्यामुळे मासिक बंद करावे लागले.

गुणवत्ता होती, निष्ठा होती, मनुष्यबळ होते. मग कमी काय पडले? याचे उत्तर मासिकाच्या व्यवसायाच्या रचनेत आहे. खिळे जुळवण्याचा, मजकूर तपासण्याचा आणि यंत्र चढवण्याचा खर्च शंभर प्रती काढा वा हजार, सारखाच येतो. प्रतींची संख्या वाढली तरच तो दर प्रतीमागे हलका होतो. साक्षरतेचे प्रमाण अत्यल्प असलेल्या प्रदेशात वर्गणीदारांची संख्या एका मर्यादेपलीकडे जाणे कठीण होते. शिवाय मासिकाचे संपादन पेंड्र्यात, प्रकाशन रायपुरात आणि छपाई सुरुवातीला रायपूरला व पुढे नागपूरच्या देशसेवक छापखान्यात. छापखाना स्वतःचा नव्हता. त्यामुळे मोठी स्थिर गुंतवणूक टळली हे खरे. परंतु छपाईचा दर आणि वेळ दोन्ही दुसऱ्याच्या हाती राहिले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. वार्षिक वर्गणी हा तसा अत्यंत हितकारक व्यवहार असतो, कारण त्यात ग्राहक आधी पैसे देतो आणि माल वर्षभर घेतो. स्वबळावर उभ्या राहणाऱ्या उद्योगाला यासारखे उत्तम भांडवल नाही. त्यावर व्याज नाही आणि मालकीत वाटेकरीही नाही. मात्र ही सोय दोन अटींवर अवलंबून असते. वर्गणी खरोखरच आगाऊ जमा झाली पाहिजे, आणि वर्गणीदारांची संख्या ना नफा-ना तोटा या रेषेपलीकडे गेली पाहिजे. यापैकी एक अट जरी सुटली, तरी प्रत्येक नवा अंक नवा तोटा घेऊन येतो.

सप्रे खचले नाहीत. नागपूरला त्यांनी 'हिंदी ग्रंथमाला' काढली, १९०७ मध्ये लोकमान्यांच्या 'केसरी'च्या धर्तीवर 'हिंदी केसरी' सुरू केला, समर्थांचा 'दासबोध' आणि टिळकांचे 'गीतारहस्य' हिंदीत आणले. १९२६ मध्ये रायपूर येथे त्यांचे निधन झाले. हिंदी पत्रकारितेत त्यांचे नाव आज आदराने घेतले जाते; पण त्यांचे पहिले मासिक मात्र हिशेबाच्या वहीत हरले. पहिला धडा असा की, उत्तम वस्तू ही उद्योगाची पहिली अट आहे, पुरेशी अट नव्हे.

वामनराव लाखे आणि १९१३ ची बँक

आता त्या मासिकाच्या प्रकाशकाकडे वळू. वामनराव लाखे हे रायपूरच्या सार्वजनिक जीवनातील एक अग्रणी होते. वकिली करता करता ते राष्ट्रीय चळवळीत उतरले आणि असहकाराच्या काळात त्यांनी सरकारने दिलेली 'रायसाहेब' ही पदवी सोडून दिली. रायपूर शहरातील लाखेनगर हा भाग आजही त्यांचे नाव धारण करतो.

भारतात सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा १९०४ मध्ये झाला. त्यात गावपातळीवरील पतसंस्थांची सोय होती; त्या संस्थांना पैसा पुरवणाऱ्या मध्यवर्ती बँकांची सोय १९१२ च्या कायद्याने केली. त्यानंतर लगेच, म्हणजे १९१३ मध्ये, लाखे यांच्या पुढाकाराने रायपूरमध्ये सहकारी मध्यवर्ती बँक स्थापन झाली. छत्तीसगडमधील सहकारी चळवळीचे प्रवर्तक म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो तो यामुळेच.

या बँकेपुढचा प्रश्न मासिकापुढच्या प्रश्नाहून मुळात निराळा नव्हता. छत्तीसगडचा शेतकरी धान पिकवतो. पेरणी पावसाळ्याच्या तोंडाला आणि पीक हाती येते ते दिवाळीच्या सुमारास. बियाणे, बैल, मजुरी यांचा खर्च आधी, उत्पन्न नंतर. मधल्या महिन्यांचे अंतर भरून काढायला सावकाराखेरीज कोणी नसे आणि सावकाराचे व्याज पिकाचा मोठा वाटा गिळून टाकी. शेतकरी तोट्यात होता तो शेती वाईट होती म्हणून नव्हे. पैसा जाण्याचा दिवस आणि येण्याचा दिवस यांत अंतर होते म्हणून.

सहकारी बँकेने यावर शोधलेला उपाय साधा होता. ज्यांच्याकडे आज थोडी शिल्लक आहे त्यांच्या ठेवी गोळा करायच्या, गावातील पतसंस्थेच्या सभासदांनी एकमेकांची हमी घ्यायची, पीक येईपर्यंतच्या मुदतीचे कर्ज द्यायचे आणि पीक आल्यावर वसूल करायचे. जर्मनीत रायफायझेन यांनी एकोणिसाव्या शतकात रुजवलेली ही कल्पना होती. येथे बाहेरच्या कोणा धनिकाने भांडवल ओतले नाही. सभासदांचीच पत एकत्र बांधली गेली. शिवाय कर्जाची मुदत पिकाच्या मुदतीशी जुळवलेली होती. दुसरा धडा असा की, भांडवल किती आहे याच्या इतकेच ते कोणत्या दिवशी लागते आणि कोणत्या दिवशी मोकळे होते, यालाही महत्त्व असते.

ऐंशी रुपये आणि लोखंडी नांगर

हेच दोन धडे महाराष्ट्राच्या उद्योगेतिहासातही पडताळून पाहता येतात. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईच्या गिरगाव भागात सात महिलांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास सुरुवात केली. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटे तयार झाली. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपयांची होती. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले. पुढच्या पावसाळ्यासाठी त्यांनी उपाय काढला तो एक खाट आणि एक शेगडी विकत घेण्याचा. खाटेवर पापड, खाली शेगडी. 'लिज्जत पापड' या नावाने पुढे घरोघरी पोहोचलेल्या या संस्थेने देणगी न स्वीकारण्याचे तत्त्व सुरुवातीपासून पाळले. अडचण आली तेव्हा त्यांनी यंत्रसामग्रीच्या मोठ्या कर्जाचा विचार केला नाही. अडचणीच्या मापाचा उपाय शोधला.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले. दुकानाच्या उत्पन्नावर त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जायलाच दोन वर्षे लागली. ही दोन वर्षे निभावली ती आधीपासून चालत असलेल्या दुकानामुळे. पुढे १९१० मध्ये औंधच्या संस्थानिकांनी दिलेल्या जागेवर किर्लोस्करवाडी उभी राहिली. बाहेरचे साहाय्य त्यांनीही घेतले, परंतु वस्तू आणि ग्राहक सिद्ध झाल्यानंतर. चालत्या धंद्याच्या आश्रयाने नवा धंदा वाढवणे ही आपल्याकडची जुनी रीत आहे आणि ती शहाणपणाची आहे.

पैशाचे चक्र : एक हिशेब

आता तत्त्वाकडून व्यवहाराकडे येऊ. रायपूरजवळचे भाटापारा हे पोह्यांच्या गिरण्यांसाठी प्रसिद्ध आहे. समजा, रायपूरमधील एका तरुण दांपत्याने तयार नाश्त्याची पाकिटे बनवण्याचा उद्योग काढला. पोहे भाटापाऱ्याहून घ्यायचे, मसाला घरचा, पाकिटे शहरातील दुकानांत द्यायची. उदाहरण कल्पित आहे. हिशेब मात्र कोणत्याही लहान उद्योगाला लागू पडणारा आहे.

महिन्याचा एकूण खर्च ३,००,००० रुपये, म्हणजे दिवसाला १०,००० रुपये. महिन्याची विक्री ३,३०,००० रुपये. शिल्लक ३०,००० रुपये. कागदावर उद्योग नफ्यात आहे. आता दिवस मोजू. कच्चा माल सरासरी १५ दिवस पडून राहतो. पाकिटे तयार होण्यास ५ दिवस लागतात. दुकानदार ४० दिवसांनी पैसे देतो. पोहेवाला १० दिवसांची उधारी देतो. म्हणजे १५ अधिक ५ अधिक ४० उणे १०, असे ५० दिवस या दांपत्याचा पैसा अडकून राहतो. दिवसाला १०,००० प्रमाणे ५,००,००० रुपये कायम गुंतलेले. हेच त्यांचे खेळते भांडवल.

विक्री दुप्पट करायची ठरली तर दिवसाचा खर्च २०,००० होईल आणि ५० दिवसांसाठी १०,००,००० रुपये लागतील. म्हणजे आणखी पाच लाख हवेत. महिन्याच्या ३०,००० रुपये शिलकीतून ते साठवायला सुमारे सतरा महिने जातील. धंदा नफ्यात असूनही हाती पैसा का नाही, असा प्रश्न अनेक लहान उद्योजकांना पडतो. त्याचे उत्तर येथे आहे. वाढ स्वतःच भांडवल मागते.

याच ठिकाणी बरेच जण बाहेरचा भागीदार शोधू लागतात. पण त्याआधी चक्राकडे पाहावे. कच्चा माल १५ ऐवजी १० दिवसांचाच ठेवला आणि दुकानदाराची उधारी ४० वरून २० दिवसांवर आणली, तर चक्र १० अधिक ५ अधिक २० उणे १०, असे २५ दिवसांचे होते. आता दिवसाला २०,००० रुपये खर्चाच्या दुप्पट धंद्यालाही ५,००,००० रुपयेच लागतील. तेवढे तर आधीच गुंतलेले आहेत! बाहेरचा एकही रुपया न आणता धंदा दुप्पट झाला. त्यासाठी लवकर पैसे देणाऱ्या दुकानदाराला एक-दोन टक्के सूट द्यावी लागेल, वारंवार थोडा माल आणण्याचा त्रास सोसावा लागेल, आणि काही दुकाने सोडूनही द्यावी लागतील. तरीही मालकीचा हिस्सा विकण्यापेक्षा ही किंमत पुष्कळ कमी आहे.

कर्ज केव्हा आणि किती?

स्वबळावर उद्योग उभारणे म्हणजे कर्जाला हात न लावणे, असा अर्थ कोणी घेऊ नये. वर सांगितल्याप्रमाणे रायपूरच्या सहकारी बँकेचा पायाच कर्ज हा होता. प्रश्न कर्जाच्या हेतूचा आणि मुदतीचा आहे.

समजा, वरील दांपत्याला उधारीचे दिवस कमी करणे शक्य झाले नाही, पण दुकानांकडून दुप्पट मालाची निश्चित मागणी आहे. पाच लाखांचे खेळते भांडवल वार्षिक १० टक्के दराने घेतले, तर महिन्याला सुमारे ४,२०० रुपये व्याज पडेल. दुप्पट विक्रीची शिल्लक महिना ६०,००० रुपये असेल. येथे कर्ज घेणे शहाणपणाचे आहे. मात्र याच वेळी दुकानदारांनी ४० ऐवजी ७० दिवस लावले, तर आणखी ३० दिवसांचे सहा लाख रुपये अडकतील आणि सारा डोलारा डळमळेल. कर्ज फेडण्याची ताकद शेवटी वसुलीवर ठरते.

लहान उद्योगांच्या खेळत्या भांडवलाचा अंदाज कसा करावा, यासाठी रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या नायक समितीने एक सोपे सूत्र दिले. अपेक्षित वार्षिक उलाढालीच्या २५ टक्के इतके खेळते भांडवल लागते असे मानावे. त्यांपैकी २० टक्के बँकेने द्यावे आणि ५ टक्के उद्योजकाने स्वतः आणावे. आपल्या उदाहरणातील सुमारे ४० लाखांच्या उलाढालीवर ही मर्यादा ८ लाख रुपये येते. प्रत्यक्षात त्या दांपत्याची गरज मात्र ५० दिवसांची, म्हणजे ५ लाखांचीच आहे. येथे विवेक हवा. मंजूर मर्यादा ही विहिरीची खोली असते. आपली घागर किती मोठी, ते आपण ठरवायचे. रोख पत खात्यात व्याज वापरलेल्या रकमेवरच लागते, हे लक्षात ठेवावे.

यंत्र, गाळा अशा दीर्घकाळ टिकणाऱ्या गोष्टींसाठी मुदत कर्ज आणि कच्चा माल-उधारीसाठी खेळते भांडवल, ही विभागणी काटेकोर पाळावी. खेळत्या भांडवलातून यंत्र घेणे म्हणजे पेरणीचे बी दळून खाणे. यंत्र पाच वर्षांत पैसे देणार, कच्चा माल मात्र उद्या लागणार.

तारण नसलेल्या उद्योजकासाठीही वाटा उपलब्ध आहेत. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत, किशोर गटात ५ लाखांपर्यंत आणि तरुण गटात १० लाखांपर्यंत कर्ज मिळते. तरुण गटातील कर्ज नीट फेडलेल्यांसाठी २०२४ मध्ये २० लाखांपर्यंतचा 'तरुण प्लस' गट जोडला गेला. केंद्र शासन आणि सिडबी यांनी २००० मध्ये स्थापन केलेला पत हमी निधी न्यास सूक्ष्म व लघू उद्योगांच्या विनातारण कर्जाला हमी देतो. ही हमी बँकेला असते. उद्योजकाची परतफेडीची जबाबदारी तिने कमी होत नाही, हा मुद्दा अनेकांच्या लक्षात येत नाही.

अडकलेली उधारी आणि कायदा

रायपूरभोवतीच्या उरला आणि सिलतरा या औद्योगिक क्षेत्रांत पोलाद आणि लोखंडाचे मोठे कारखाने आहेत आणि त्यांना सुटे भाग, दुरुस्ती, बांधणी पुरवणारी अनेक लहान युनिटे आहेत. अशा लहान युनिटांचे खरे दुखणे एकच असते: मोठा ग्राहक पैसे वेळेवर देत नाही. व्यवहारात लहान उद्योग मोठ्या उद्योगाला बिनव्याजी कर्ज देत असतो.

यावर २००६ च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग विकास कायद्याने मर्यादा घातली आहे. लेखी करार असला तरी सूक्ष्म व लघू पुरवठादाराचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज देय होते. २०२३ च्या वित्त कायद्याने यात आणखी बळ भरले: अशी मुदत टळलेली रक्कम प्रत्यक्ष चुकती करेपर्यंत खरेदीदाराला ती आयकरासाठी खर्च म्हणून दाखवता येत नाही. त्याखेरीज 'ट्रेड्स' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने चालणाऱ्या मंचांवर मोठ्या खरेदीदाराने मान्य केलेली बिले सवलतीच्या दराने वटवून पैसे लगेच मिळवता येतात.

या सर्व सोयींचा लाभ घेण्यासाठी 'उद्यम' नोंदणी आवश्यक आहे. ती निःशुल्क आहे. तरीही कायदा हे शेवटचे हत्यार समजावे. जो एकच ग्राहक आपली निम्मी विक्री घेतो, त्याच्याविरुद्ध तक्रार करण्याचे धैर्य सहसा होत नाही. म्हणून कोणत्याही एका ग्राहकावर विक्रीचा मोठा वाटा अवलंबून राहू न देणे, हेच खरे संरक्षण.

काही पथ्ये

वरील विवेचनातून स्वबळावर उभे राहू इच्छिणाऱ्या उद्योजकासाठी काही पथ्ये काढता येतात.

पहिले, सहा महिन्यांचा घरखर्च धंद्याच्या पैशापासून वेगळा ठेवूनच सुरुवात करावी. घरात चूल पेटण्याची चिंता असेल तर धंद्यात किंमत पाडून माल विकण्याचा मोह होतो.

दुसरे, घराचे आणि धंद्याचे खाते स्वतंत्र असावे आणि स्वतःला ठरावीक वेतन द्यावे. मालकाचे श्रम फुकट धरून दाखवलेला नफा हा नफा नसतो.

तिसरे, स्थिर खर्च उशिरा वाढवावा. आधी भाड्याची जागा, करारावरचे काम, दुसऱ्याचे यंत्र. मागणी वर्षभर टिकली की मग स्वतःचे. मात्र ज्या गोष्टीवर आपल्या मालाचा दर्जा आणि वेळ अवलंबून आहे, ती फार काळ परक्या हाती ठेवू नये. 'छत्तीसगढ मित्र'च्या छपाईची गोष्ट येथे आठवावी.

चौथे, शक्य तेथे आगाऊ पैसे घ्यावेत. वर्गणी, नोंदणी रक्कम, निम्मी किंमत आधी, अशा रीती ग्राहकाला पटवून देता येतात. त्या बदल्यात वेळेवर आणि चोख माल देण्याचे बंधन आपल्यावर येते, आणि ते हितकारकच असते.

पाचवे, दर आठवड्याला तीन आकडे लिहून काढावेत: बँकेतील शिल्लक, येणे बाकी आणि देणे बाकी. नफा-तोटा पत्रक वर्षाअखेरीस येते. हे तीन आकडे दर शनिवारी खरे बोलतात.

सहावे, बाहेरचे भागभांडवल कधीच घेऊ नये असे नाही. परंतु ते घेताना आपल्याला त्याची गरज आहे की केवळ प्रतिष्ठा हवी आहे, हा प्रश्न एकांतात स्वतःला विचारावा. नफ्यात असलेला उद्योजक वाटाघाटीला बसतो तेव्हा तो नकार देऊ शकतो. तोट्यातल्याला ती मुभा नसते.

समारोप

छत्तीसगडला धानाचे कोठार म्हणतात. १ नोव्हेंबर २००० रोजी राज्य स्थापन झाले आणि रायपूर राजधानी झाली, तेव्हापासून या शहराचे रूप पालटत गेले. राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आणि २०१० मध्ये सुरू झालेली भारतीय व्यवस्थापन संस्था येथे आहे. राज्य शासनाच्या पुढाकाराने नवोद्योगांचे संगोपन करणारे '३६ इंक' हे केंद्रही उभे राहिले. शिकलेली मुले आता पुणे-बंगळुरूला न जाता येथेच काही करून पाहू इच्छितात. त्यांच्यापैकी फारच थोड्यांना साहस भांडवल मिळेल. उरलेल्यांनी स्वतःला मागे राहिलेले समजण्याचे कारण नाही.

आपल्याकडे 'अंथरूण पाहून पाय पसरावेत' असे म्हणतात. अनेकांना ही म्हण भित्रेपणाची वाटते. वास्तविक ती पाय आखडून बसा असे सांगत नाही. अंथरूण मोजा, असे सांगते. ज्याने आपल्या पैशाचे दिवस मोजले, त्याला अंथरूण वाढवण्याची वाटही सापडते. सप्रे यांच्या मासिकाला वाचकांचे प्रेम होते, पण खर्च आणि वर्गणी यांचा मेळ बसला नाही. लाखे यांच्या बँकेजवळ धनिकांचे पाठबळ नव्हते, पण पेरणी आणि कापणी यांचा मेळ तिने बसवला. नव्या उद्योगाचा आराखडा करताना पहिल्या पानावर हा मेळ मांडावा, आणि आपल्या नजीकच्या शाखेत कर्जाची चौकशी करायला जाताना तेच पान सोबत न्यावे.